वाहिंगची कोंबडी

आमच्या गावचा वाहिंग ताडगूळ करायचा. हातात कोयता, कमरेला रसाची बांबूची नळी, आणि तोंडाला कधी कुलूप नाही. आमचा राजा जेव्हा रानात लपून कंदमुळं खात होता, तेव्हा त्याच्या माणसांना यानं गूळ पोचवला होता. पुढे राजानं एकेक मुलूख घेत सगळं जावा बेट एका छत्राखाली आणलं. वाहिंग म्हातारा झाला तरी सांगायचा, "माझ्या गुळावर उभं राहिलंय हे राज्य!"

मग राजाची दोन पोरं गादीसाठी भांडायला लागली. राजानं राज्य मधोमध फाडलं, जुनं लुगडं फाडावं तसं. कुणा साधूनं म्हणे आभाळातून पाण्याची धार सोडली आणि तीच शीव ठरली. नेमकी आमच्या वेशीवरून गेली मेली!

अंमलदार शिवेचा दगड पुरायला आले. दगड ओलांडणाऱ्याला शाप घालायची रीत, आणि तो उच्चारायला गावचा माणूस लागतो. वाहिंग छाती काढून पुढे झाला. दगडावर अंडं फोडलं, कोंबडीची मान उडवली आणि गरजला, "जो हा दगड ओलांडेल, त्याचं मुंडकं असंच पडो!"

त्याची एकुलती लेक रेंभा पलीकडच्या गावात दिलेली. मी म्हटलं, "अरे गाढवा, पोरगी माहेरी कशी येणार आता?"

"भाऊभाऊ आहेत ते," तो हसला. "चार दिवसांत गोड होतील."

गोड कसले, डोंबल! वर्षाच्या आत लढाई पेटली. पलीकडच्यांनी रेंभाला फितूर ठरवलं, का तर बाप अलीकडचा. भरदुपारी ती पोटुशी बाई धापा टाकत दगडापाशी आली. वाहिंग अलीकडे ताडाखालीच होता.

"बा, हात दे! मागं शिपाई आहेत."

वाहिंगनं हात पुढे केला आणि झटक्यात मागे घेतला. "नको गं! ओलांडू नकोस, माझाच शाप आहे. मुंडकं पडेल तुझं. तिथंच बस, मी कोंबडी आणतो, शाप उतरवतो."

"बा, ते आलेच रे..."

"बापाचं ऐक. बस."

ती बसली. इकडे याच्या अंगणात कोंबडी काही हाती लागेना. म्हातारा पडतोय, उठतोय, पुन्हा धावतोय. शेजारच्या बाया खो खो हसत होत्या, त्यांना काय ठाऊक!

तो कोंबडी काखेत मारून परतला, तेव्हा रेंभा दगडाला टेकून तशीच बसली होती. मुंडकं गवतात पडलं होतं. शिपायांनी शिवेच्या अलीकडे पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

पुढच्या सुगीला अंमलदार पुन्हा आले. लढाईत शीव सरकली होती. त्यांनी तोच दगड उपटला, रेड्यांकडून ओढवत पार नदीपर्यंत नेला आणि वाटेत त्याच्यावरच बसून भात जेवले.

"बोलवा त्या म्हाताऱ्याला," अंमलदार म्हणाला. "हात सराईत आहे त्याचा."

वाहिंग आला. कितीतरी वेळ त्या सगळ्यांच्या मानांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सरकार, दगड हलवलात. तुम्हाला काही झालं नाही?"

अंमलदार दात कोरत हसला. "अरे येड्या, शाप रयतेला असतो!"

कुणीतरी त्याच्या हातात कोंबडी दिली. वाहिंगनं तिची मान दगडावर धरली आणि कोयता उचलला.