आमची भोकं पाडायची मशीन आणि पुण्याला गेलेला दिगांबर

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. पँटला लागलेल्या सिमेंटच्या गाळासारखे ते आपोआप घरी येतात आणि वाळून बसतात. आम्ही काँक्रीटला गोल भोकं पाडतो. बोर्डावर ‘कोअर कटिंग’ लिहिलंय, पण बुलढाण्यात आम्हाला कोणी त्या नावानं ओळखत नाही. बाथरूमचा पाईप टाकायचा असो की एसीचा, फोन येतो तो असा, ‘भोकवाले बोलून राह्यले का?’

आम्ही तिघं. मी, माझा भागीदार दिगांबर आणि वच्छलाताई. दिगांबर अमडापूरचा, घरी वांगी-टमाट्याचा मळा. वच्छलाताई आम्हा दोघांपेक्षा मोठ्या. मशीनच्या टोकाला फिरणाऱ्या गोल कटरवर, म्हणजे बिटावर, पाण्याची धार धरणं आणि गाळ ओढून घेणं हे त्यांचं काम, आणि आम्हाला रागावणं हेही त्यांचंच.

दिगांबर आता पुण्याला असतो. एका मोठ्या कंपनीत हेच काम करतो. म्हणून किस्से सांगताना त्याचं नाव जरा जास्तच येईल.

*

बॅटरीवरची मशीन घेतली तेव्हा पहिलं भोक दिगांबरच्या काकांच्या घरी पाडलं. काकांनी आमची जुनी वायरवाली मशीन पाहिली होती. पाणी, वीज आणि पुतण्या एकाच जागी, हे त्यांना कधीच पटलं नव्हतं. त्यामुळे आम्ही सामान काढायच्या आतच ते मेन स्विचपाशी जाऊन उभे राहिले, हात स्विचवर ठेवून. काही झालं की खटका पाडायचा.

काम संपेपर्यंत म्हातारा जागचा हलला नाही. नंतर दिगांबर म्हणाला, “काका, आता हात खाली करा. हिले वायरच नाही, बॅटरीवर चालते.”

“मंग मले आधी काऊन नाही सांगतलं? मी कशाले उभा होतो?”

“तुमी उभे होते तं मले बरं वाटत होतं.”

काकांनी स्विचवरचा हात काढला. मळ्यात गेले आणि आमच्यासाठी पिशवीभर वांगी घेऊन आले.

*

दिगांबरचा एक नियम होता. बॅटरी काढल्याशिवाय बिटाला हात लावायचा नाही. बिट बदलायचं, साफ करायचं, नुसतं पाहायचं असलं तरी आधी बॅटरी बाहेर. आणि ती बाजूला ठेवायची नाही, वच्छलाताईंच्या हातात द्यायची. “जवळ असली की माणूस परत लावते,” तो म्हणायचा.

एकदा बुलढाण्यात आठवडी बाजाराच्या दिवशी काम होतं. दिगांबरनं बॅटरी ताईंना दिली आणि बिट काढायला बसला. ते अडकलेलं होतं, वेळ लागला. ताईंनी बॅटरी पिशवीत टाकली आणि भाजी आणायला निघून गेल्या. दुसरी बॅटरी चार्जरवर होती आणि लाईट गेलेली. घरमालक आमच्याकडे पाहतोय, आम्ही रस्त्याकडे.

ताई आल्या, पिशवीत मेथीच्या खाली बॅटरी. मी जरा चिडून म्हटलं, “ताई, काम थांबलं ना आमचं.”

त्या म्हणाल्या, “काम थांबलं, बोटं तं राह्यली ना जागेवर?”

दिगांबर एवढा हसला की त्याला मास्क काढावा लागला.

*

त्याच दिगांबरचा हात मात्र एकदा मुरगळला. चिखलीला एका नव्या गवंड्याला तो शिकवत होता. बाजूची दांडी दुसऱ्या हातानं घट्ट धरायची, पाय फाकवून उभं राहायचं, कारण आत सळई लागली की बिट अडकतं आणि मशीनच माणसाला फिरवू पाहते. “एका हातानं धरलं तं काय होते,” असं म्हणत त्यानं दुसरा हात सोडला, आणि नेमकी सळई लागली.

मशीन आपोआप बंद पडली म्हणून निभावलं. तरी मनगटाला झटका बसायचा तो बसलाच. दिगांबर मनगट धरून खाली बसला. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज मास्तरचाच होता.

“हे असं,” तो गवंड्याला म्हणाला, “करायचं नसते.”

मनगट बरं होईपर्यंत मशीन मी चालवली. तो बाजूला उभा राहून म्हणायचा, “दाबू नको बे, तिच्या चालीनं जाऊ दे.” तेव्हा त्याचा वैताग यायचा. आता मशीन चालू केली की क्षणभर कान तो उभा राहायचा त्या बाजूलाच असतो.

*

मेहकरकडच्या एका गावात वरच्या मजल्याच्या स्लॅबला भोक पाडायचं होतं. खाली स्वयंपाकघर, आणि तिथं आजी भाकरी थापत बसलेल्या. भोक पूर्ण झालं की काँक्रीटचा गोळा खाली पडतो, म्हणून दिगांबर खाली गेला आणि म्हणाला, “आजी, जरा बाहेर बसा.”

“पीठ मळलं हाय. तुमीच थांबा.”

आम्ही थांबलो. दिगांबर चुलीपाशीच बसला. आजी सांगत होत्या, वर खोली मुलासाठी बांधतायत, सुरतेला असतो, त्याला बाथरूम खोलीतच लागतं. कधी येणार, ते त्यांनी सांगितलं नाही. दिगांबरनंही विचारलं नाही. त्यानं भाकरीसाठी ताटली पुढे केली.

मग आजी बाहेर बसल्या, भोक पडलं, गोळा खाली आला. आजींनी आत येऊन तो पाहिला. “एवढ्याशासाठी मले उठवलं?”

“उचलून पाहा,” दिगांबर म्हणाला.

आजींनी वाकून दोन्ही हातांनी तो जेमतेम उचलला आणि लगेच खाली ठेवला. मग त्या सरळ झाल्या आणि वर भोकाकडे पाहत राहिल्या. त्यातून आभाळ दिसत होतं, वरच्या खोलीवर अजून छत नव्हतं.

“खोली झाली की आभाळ नाही दिसायचं,” त्या म्हणाल्या. “लवकर झाकलं जावं.”

आभाळ झाकलं जावं असं कोणी मागतं का, हे मग त्यांनाच जाणवलं असावं. “नाही, लवकर झाकलंच जावं,” असं पुन्हा म्हणून त्या भांडी आवरायला लागल्या.

*

पुण्याला गेल्यावर सुरुवातीला दिगांबरचा रोज फोन यायचा. कसा आहेस वगैरे नाही. पहिला प्रश्न, “बॅटऱ्या सावलीत हायेत का?” उन्हात तापलेली बॅटरी चार्जर घेत नाही, ती आधी थंड होऊ द्यावी लागते. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. तरी मी रोज सांगायचो, “हाव, सावलीत हायेत.”

मग फोन कमी झाले. एकदा बोलता बोलता तो म्हणाला, “मला आता निघायला पाहिजे.”

फोन स्पीकरवर होता. वच्छलाताई गाळ पुसत होत्या, त्यांचा हात थांबला.

“मला?” त्या म्हणाल्या. “याचं ‘मले’ कुठी गेलं?”

मग दिगांबर हळू म्हणाला, “हाय ताई. इथं काढत नाही फक्त.”

*

यंदा उन्हाळ्यात दिगांबर चुलतबहिणीच्या लग्नाला आला होता. मी आणि ताई कामासाठी साखरखेर्ड्याला निघालो तर गाडीत येऊन बसला. “पाहाले येतो,” म्हणाला.

तिथं दोन भावांनी घर वाटून मधोमध भिंत घातली होती. थोरल्याचं नाव बबनराव. आई धाकट्याकडे, खाटेला खिळलेली. वाटणीच्या दिवसापासून बबनराव पलीकडे गेलेले नव्हते. धाकट्याची बोअर आटली, तेव्हा त्यांनी कोणाला न विचारता आम्हाला बोलावलं. भिंतीला खाली भोक पाडून आपल्या बोअरचं पाणी पाईपनं तिकडे सोडायचं होतं. “पाणी देतो,” ते म्हणाले. “त्याचा उंबरा चढत नाही.”

भिंतीच्या पलीकडे आपला माणूस असल्याशिवाय मशीन चालू करायची नाही. दिगांबर पलीकडे गेला. धाकटा शेतात होता, त्याच्या बायकोनं म्हातारीची खाट बाजूला सरकवून घेतली. दिगांबरची हाक आली, मी भोक पाडलं, गोळा ओढून काढला. बॅटरी ताईंकडे दिली.

बबनराव भोक पाहायला खाली बसले. बसताना कण्हले.

भोकातून म्हातारीचा आवाज आला. “बबन, गुडघ्याले तेल लाव.”

बबनराव आणखी खाली वाकले. गाळ त्यांच्या धोतराला लागत होता. मग भोकाजवळ तोंड नेऊन म्हणाले, “बरे हायेत गुडघे, माय.”

“खोटं नको बोलू. रोज तू उठताना भिंतीतून आयकू येते मले.”

मी पाईप उचलून विचारलं, “पाईप टाकायचा ना, बबनराव?”

ते भोकापाशी मांडी घालून बसले होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “आज राहू द्या.”