तीन पाण्यांची हिराआत्या

हिराआत्या काहीही धुवायची. तांदूळ, डाळ, भाजी तर सगळेच धुतात. ही बिस्किटांचा पुडा बंदच्या बंद नळाखाली धरायची. गॅसचा सिलिंडर आला की आणणाऱ्या माणसासमोरच त्याला आंघोळ घालायची. एकदा मी तिला गावाहून आलेले फणसाचे पापड दिले, तर बाईने तेही धुतले आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात मलाच गाठून म्हणाली, "कसला गो पापर दिलास, नरम परला सगला!" मी मूळची चिडकी, पण यावर चिडणार तरी काय?

कोपरला आमची बिल्डिंग जिथे उभी आहे, तिथे पूर्वी तिच्या सासऱ्यांचं भातशेत होतं. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या तळमजल्यावरच्या दोन फ्लॅटमधली भिंत पाडून ती राहायची, एकटीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा प्रदीप मोठ्या प्रवासी बोटीवर खानसामा. मी राहायला आले त्या दिवशी विचारलं, "आत्या, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?" तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमी कोन? आमच्यान तू बोलतान." तेव्हापासून मी तिला अगं-तुगं करू लागले आणि ती मला "म्याडम" म्हणू लागली, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवते. गेल्या वर्षी ती गेली. जिन्यातून उतरताना तिच्या दाराकडे बघायचं नाही असं मी रोज ठरवते आणि रोज बघते.

तिच्या दोन गोष्टी सगळ्या कोपरला माहीत होत्या. एक म्हणजे तिचा भात. त्यांच्या आगरी लोकांत लग्नाच्या हळदीचं जेवण म्हणजे अख्खा गाव जेवायला. पाचशे माणसांच्या पातेल्यातसुद्धा तिच्या भाताचा दाणा दाण्याला चिकटायचा नाही. दुसऱ्या कुणाचा भात गिच्च झाला की ती पातेल्याकडे पाठ करून उभी राहायची. दुसरी म्हणजे "मी हाय ना." पंप बंद पडला, कुणाचं पोर तापलं, वरच्या मजल्यावरच्या सुनेचं सासूशी वाजलं, की पदर खोचून आत्या हजर. "कला घाबरतंस? मी हाय ना." आणि खरंच, ती आली की निम्मं काम व्हायचंच.

प्रदीपने होनोलुलूची, जपानी वंशाची मुलगी केली होती. सून आत्याने एकदाच पाहिली, आठ दिवसांसाठी. पुढे ती सून आजारी पडून वारली आणि प्रदीप सात वर्षांच्या नाओमीला घेऊन कोपरला आला. तिकडची आजी एकटी, तिचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, आणि प्रदीपची बोट दहा दिवसांनी सुटणार. आत्याने नेहमीप्रमाणे सांगितलं, "ठेव इथं. मी हाय ना." नाओमीची तिने लगेच नमी केली. पण नमी कुणाशी बोलेना. पायातले बूट न काढता दाराजवळ स्वतःच्या बॅगेवर बसून राहायची. रडायचीसुद्धा नाही. आणि जेवेना.

आत्याने काय काय केलं नाही! तांदळाची भाकरी, कोलंबी, कोंबडी, घावणे, शेवटी शेजारून मागून आणलेल्या नूडल्स. पोर तोंड फिरवायची. दिवसाला दोन कप दूध आणि एखादं बिस्किट, बस्स. मला बोलावणं आलं, "म्याडम, तुझा इंग्लिस चांगला हाय, तू विचार." मी वीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलेलं. मी गुडघ्यावर बसून, गोड आवाज काढून विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की माझंच इंग्रजी संपलं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं आणि मान हलवली. प्रदीपने सांगून टाकलं, "आई, मी निघेपर्यंत ती जेवायला लागली तर राहील. नाहीतर परत न्यावं लागेल. तिची तिकडची आजी कसं तरी बघेल." आत्या माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी तिने "मी हाय ना" म्हटलं नाही.

मग प्रदीपला बॅगेतलं सामान आठवलं. त्याच्या सासूने डब्यातलं मांस दिलं होतं, बारा डबे, आणि काळ्याहिरव्या कागदांचं एक पाकीट. मुसुबी म्हणतात, पोरीची आई करायची, तो म्हणाला. भाताची वडी दाबायची, वर मांसाचा तळलेला काप ठेवायचा आणि समुद्रातल्या शेवाळाच्या कागदाची पट्टी गुंडाळायची. पोर रोज शाळेच्या डब्यात हेच न्यायची. एवढं सांगून तो कागदपत्रांसाठी मुंबईला गेला, मी शाळेत गेले. माझं चुकलं ते इथे. मी थांबायला हवं होतं.

शाळा सुटायच्या आत फोन आला. "म्याडम, ये गो. पानं गेली." मी धावत घरी पोचले तर आत्या मोरीशी उकिडवी बसलेली, समोर मिठाच्या पाण्याची परात, परातीत काळा चिखल. तिच्या घरात समुद्राची सुकी वस्तू, म्हणजे सुकट, जवळा, बोंबील, आल्याआल्या मिठाच्या पाण्यात धुतली जायची. "दर्याचा सुका तीन पान्यान धुवाचा," ती पन्नास वर्षं सांगत आली होती. प्रदीपने समुद्रातलं म्हणून सांगितलं, तिने धुतलं. एक नाही, पाकिटातली सगळीच्या सगळी पानं एकदम. पहिल्या पाण्यात मऊ पडली, दुसऱ्यात विरघळली, तरी बाईने तिसरं पाणी घातलंच. आणि मोरीच्या दारात नमी उभी होती. परातीतला तो चिखल बघून ती कोपरला आल्यापासून पहिल्यांदा रडली. तासभर रडली. आत्या जवळ गेली की जास्त रडायची, म्हणून आत्या लांबूनच हात जोडून तिला मराठीत सांगत होती, "चुकला गो बाय, माझा चुकला."

मला इतका राग आला होता! पाकिटावर इंग्रजीत मोठ्ठ्या अक्षरात 'कोरडं ठेवा' लिहिलेलं, आत्याला वाचता येत नव्हतं आणि मी, वाचता येणारी, शाळेत 'नाउन' आणि 'व्हर्ब' करत बसलेली. तशीच रिक्षा केली, ठाण्याला मॉलमध्ये गेले आणि सेल्समनशी उगाचच भांडून शेवाळाची तीन पाकिटं आणली. परत आले तेव्हा आत्याने भात टाकलेला होता. कोलमचा, सुटसुटीत, मोत्यासारखा. डबा रिकामा करून त्याचाच साचा करायचा, त्यात भात दाबायचा, असं मी फोनवर वाचून दाखवलं. तिने दाबला, उलटा केला, आणि वडी ताटभर पसरली. पुन्हा केली, पुन्हा पसरली. मी म्हटलं, "आत्या, भात चिकट हवा." तिने माझ्याकडे पाहिलं. "मंग त्याला भात कला बोलाचा?" पण लगेच आवाज खाली गेला. आयुष्यभर ज्या भातावर पाठ फिरवली तो भात आता तिला करता येत नव्हता. पाणी जास्त घातलं तर लगदा व्हायचा, कमी घातलं तर दाणा सुटायचा. तीन दिवस ती तेच करत होती आणि प्रदीपची बॅग भरत आली होती.

शेवटी आंबिवलीच्या तिच्या बहिणीला फोन लावला. बहिणीकडे अजून थोडं शेत होतं. नुकताच काढलेला जाडा तांदूळ होता. नवा तांदूळ गिच्च होतो म्हणून आत्याने तो जन्मात वर्षभर जुना केल्याशिवाय शिजवला नव्हता. आता स्वतः जाऊन पिशवी घेऊन आली. डब्यातलं मांस डुकराचं, हे तिला प्रदीपने सांगितलेलं. आमच्या आगरी घरात हे शिजत नाही, एवढंच ती म्हणाली. मग स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्याला पडदा लावला, वेगळा तवा काढला आणि कापाला सोया सॉस आणि साखर लावून परतायला घेतलं. "देवीला मी सांगीन काय ता," ती पडद्याकडे बघून म्हणाली. "तिला बी पोरा हान."

वडी झाली. अगदी फोनमधल्या फोटोसारखी. नमीने हातात घेतली, वास घेतला, कोपरा चावला आणि परत ताटात ठेवली. तेवढंच. आत्या भिंतीला टेकून खाली बसली. "म्याडम, मना नाय जमत गो. ह्या पोरीच्या आयशीसारखा मना नाय जमाचा." मी ताट उचलून आत नेलं, एवढंच मला जमलं. वर्गात तासन्‌तास बडबडणारी मी.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रदीप मंगळवारी निघणार. परत नेण्याचं तिकीटही बघून ठेवलेलं. आत्या तरीही सकाळी मोरीत तांदूळ धुवायला बसली, सवयच ती. मी दारात. नमी बॅगेवरून उठली. पहिल्यांदाच बूट काढले. मोरीत आली, आत्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि दोन्ही हात सरळ पातेल्यात घातले. तांदूळ गोल फिरवला, पांढरं पाणी ओतलं, आणि इंग्रजीत हळूच म्हणाली, "एक." आत्याने नळ सोडला. "दोन." पुन्हा पाणी. "तीन." तिसरं पाणी निवळ होतं. पोरीने माझ्याकडे वळून सांगितलं की आई म्हणते, पाण्यातून हात स्पष्ट दिसला की झालं. मी ते आत्याला मराठीत सांगितलं. "बरोबर बोलते तिची आय," आत्या म्हणाली. आणि तिने पोरीचे ओले हात आपल्या पदराला पुसले.

त्या दिवशी नमीने दोन मुसुबी खाल्ल्या. तांदूळ तोच, मांस तेच, शेवाळ तेच. फक्त धुतलं तिने होतं. प्रदीप एकटा गेला. पुढचे आठ महिने रोज सकाळी तळमजल्यावरून एक-दोन-तीन ऐकू यायचं, पुढे पुढे मराठीत. बारा डबे संपले, मग मी ठाण्याहून डब्यातली कोंबडी आणायला लागले. साचा मात्र पहिलाच डबा. त्याच्या कडा आत्याने दगडावर घासून गुळगुळीत केलेल्या. डॉक्टरांचा काटा पुढे सरकला. पोर बिल्डिंगभर उंडारायची, "मना नाय पायजे" म्हणायची आणि शाळेतल्या माझ्या मैत्रिणी ते ऐकून नाकं मुरडायच्या.

आणि मग प्रदीपला होनोलुलूतच एका हॉटेलात कायमची नोकरी लागली. बोटीवरची नोकरी सुटली, घर मिळालं, सासूचा गुडघा बरा झाला. आनंदाचीच बातमी की! आत्याने पेढे वाटले. मला पेढा देताना म्हणाली, "बापाजवल जातंय पोर. मी काय बोलू? मी काय वैरीन हाय?" मी म्हटलं, तू पण जा. तर म्हणाली, तिकडे तिच्या आयशीचं घर आहे, मी कुणाच्या मोरीत बसू? निघायच्या दिवशी तिने नमीला बरोबर वीस मुसुबी बांधून दिल्या आणि तो घासलेला डबाही. गाडी वळेपर्यंत हात हलवला. मग घरात जाऊन देव्हाऱ्याचा पडदा काढला, धुतला, वाळत घातला.

महिन्याभराने, सकाळी मी शाळेला निघालेली, आत्याने हाक मारली. तिकडच्या आजीचा फोन होता आणि कुणालाच कुणाचं कळत नव्हतं. मी फोन स्पीकरवर टाकला. म्हातारीचा आवाज थकलेला होता. नाओमी जेवत नाही, ती म्हणाली. मुसुबी करते, माझ्या मुलीला मीच शिकवलेली, तशीच करते, पण पोर म्हणते, ही कोपरची नाही. तुमच्या बाई काय घालतात, तेवढं विचाराल का?

मी भाषांतर केलं. आत्या सवयीने म्हणाली, "मी हाय—" आणि थांबली. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. मग म्हणाली, "तिला सांग, काय नाय घालत. पोरीला मोरीवर बसव. तांदूल तिला धूवाला दे." मी सांगितलं. पोरीकडून तांदूळ धुवून घ्यायची हे माझ्या मुलीने मला कधीच सांगितलं नाही, म्हातारी म्हणाली, मी न धुताच शिजवायच्या यंत्रात टाकते. मग सावकाश, शब्द लिहून घेत असल्यासारखं विचारलं, किती वेळा धुवू दे?

मी आत्याला विचारलं. तिचे डोळे नुसते वाहत होते. तिने हात वर करून फोनसमोर तीन बोटं धरली. साधाच फोन होता, त्यात कुणी कुणाला दिसत नव्हतं. "तीन" हा शब्द मी म्हणायचा होता, पण मी त्या बोटांकडेच बघत होते. तिकडून "हॅलो? हॅलो?" येत राहिलं आणि आत्या ती तीन बोटं तशीच धरून बसली होती.