नसरीनची मूठ

परवा नांदेडच्या घरी पेटी उघडली, तर डांबरगोळ्यांच्या वासातून नसरीनची व्हिडिओ कॅसेट वर आली. लग्नपत्रिका कापून केलेलं कव्हर, कडेला सोनेरी पट्टी.

देगलूरला आम्ही दोघी मैत्रिणी कॅसेटी जमवायचो. नसरीन तर दोन व्हीसीआर मशिनी जोडून गल्लीतल्या सगळ्या लग्नांची एकच कॅसेट बनवायची. "लई साफ हात हाय पोरीचा," माझीच आई म्हणायची आणि माझा जळफळाट व्हायचा.

कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून नसरीननं कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडून ठेवला होता. ती चहा टाकायला गेली, तशी मी कॅसेट पुन्हा भरता यावी म्हणून त्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि टीव्हीवर चाललेलं काहीतरी त्यात भरलं.

संध्याकाळी गल्ली जमली. नवरी हार घालणार, तोच पडद्यावर एक साहेब सोयाबीनची फवारणी सांगू लागले. सगळे खदखदले. नसरीननं कॅसेट काढली, चिकटपट्टी पाहिली, मग मला. नखानं पट्टी सोलून तिनं मुठीत दाबली.

"मशीनच बिघडलंय, खाला," ती माझ्या आईला म्हणाली.

जोडकाम पुढं मलाही जमलं. ती मूठ मात्र जमली नाही, आणि तिच्यावर मी अजून जळते.