बुऱ्हाणपुरात चार दिवस, कपाटाला टेकवलेला बास

ताजी गोष्ट आधी सांगतो. मामांना आता धरून उभं करायला हरकत नाही, असं बुऱ्हाणपूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. मामेभाऊ नितीनने काल दुपारी फोन करून ते मला कळवलं. मामा मात्र उठत नाहीत. आठवडाभरात पायावर उभे राहिले नाहीत तर पुढे अवघड होईल, हेही डॉक्टर म्हणाले.

बास गिटार घेऊन प्रवास कसा करायचा, परगावी सराव कसा टिकवायचा, असं इथले वाचक अधूनमधून विचारतात. या खेपेला त्याचंच लिहिणार होतो. लिहितोही, पण सगळं लिहितो.

गेल्या महिन्यात मामींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. नितीनचं पॉवरलूमच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्यामुळे दवाखाना, दुकान आणि घर अशा तिन्ही ठिकाणी तो पुरणार नव्हता. मामांजवळ चार दिवस कुणीतरी बसायला हवं होतं. मी रजा टाकली. पन्नाशी उलटल्यावर बास शिकायला घेतलेला, त्यात पंधरा दिवसांनी आमच्या चौघांचा छोटा कार्यक्रम. सराव मोडू नको, असं सरांनी बजावलेलं. म्हणून बास बरोबर घेतला.

नाशिक रोडहून सकाळची गाडी धरली तर दुपारी बुऱ्हाणपूर येतं. तिकीट काढताना वरचा बर्थ मागा. चार फुटांचं वाद्य खाली ठेवलं की त्याच्यावर कुणीतरी बसतंच. भुसावळनंतर रावेरच्या बाजूला केळीच्या बागा सुरू होतात आणि गाडी थेट त्यांच्यातूनच जाते. स्टेशन गावापासून दूर आहे. शेअर रिक्षा गावातल्या शनवाऱ्यापर्यंत वीस रुपयांत सोडते, मला चाळीस पडले.

"दोन सीटचे द्या भाऊ," रिक्षावाला म्हणाला. "तुमच्या बाजूला ते बसलंय ना. बंदूक तर नाही?"

"गिटार आहे."

"इतकी लंबी? मग ठीक. बंदुकीचे तीन सीटचे घेतो."

मामा पेपर मिलमध्ये फिटर होते. आजोळ धुळ्याकडचं, पण नोकरीसाठी मध्य प्रदेशात आले आणि इथलेच झाले. तीस वर्षं मशीनच्या धडधडीत उभं राहून कान गेले. आता काहीच ऐकू येत नाही, आणि मनही अधूनमधून जुन्या वर्षांत जाऊन बसतं. लहानपणी सुट्टीत आलो की ते मिलमधल्या गोष्टी सांगायचे. लांब स्क्रू ड्रायव्हर बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाच्या हाडाला लावायची, की आतलं दुखणं ऐकू येतं. कान गेल्यावर नुसता तळहात ठेवून ओळखायचे. मशीन चालू असली की फिटर बसतो, मशीन थांबली की फिटर उठतो, हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

पहिल्या संध्याकाळी मावा जलेबी आणली. काळपट, जाड, गरम असतानाच खायची. एका माणसाला पाव किलो फार होते. मग हेडफोन लावून अर्धा तास वाजवलं. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"अरे सुधीर, हे वाजतं का नुसतं हलतं?"

हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी जरा ऐकलं.

"पोटात गुडगुड होते तसं आहे. इतकं लांब उचलून आनलं ते याच्यासाठी?"

दुसऱ्या दिवशी नितीन मामींना घेऊन दवाखान्यात गेला. घरात मी आणि मामा. पेशंटजवळ बसायचं म्हणजे कान मोकळे हवेत. हेडफोन लावून चालणार नव्हतं. ॲम्प्लिफायरशिवाय इलेक्ट्रिक बास जेमतेम किणकिणतो. अशा वेळी एक जुनी युक्ती आहे. जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात ते मानेचं टोक लाकडी कपाटाला किंवा दाराला घट्ट टेकवायचं. सगळं कपाट घुमायला लागतं. मामांच्या पलंगाला लागूनच सागाचं कपाट होतं. तिथेच स्टूल घेतलं.

सलग, एका लयीत जाणारी, पाठ झालेली गत वाजवत होतो. थोड्या वेळाने बघितलं तर मामांचा तळहात कपाटाच्या कडेला टेकलेला. डोळे मिटलेले.

"बरी चाललीय," ते म्हणाले. मी आल्यापासून माझ्याशी बोललेले हे त्यांचे पहिले शब्द.

मला फार बरं वाटलं. मी तासभर वाजवत राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवी गत काढायला घेतली. तिच्यात एक अवघड वळण आहे. तिथपर्यंत जायचं, चुकायचं, थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. सराव म्हणजे हेच. समोर कपाट, मांडीवर मोबाईल, मामांकडे पाठ. सात-आठ वेळा तसंच थांबलो असेन.

"मशीन ट्रिप होतेय, सारखी बंद पडतेय," मागून आवाज आला. "थांब, हात नको लावू. मी बघतो."

मी वळलो तेव्हा ते पलंगावरून उतरलेले होते. त्यांना मागच्या वर्षापासून आधाराशिवाय चालता येत नव्हतं. दोन पावलं टाकली आणि ते डाव्या बाजूला कलंडले. मी बास बाजूला ठेवायला जितका वेळ घेतला, तितकाच वेळ कमी पडला.

खुब्याचं हाड मोडलं. नितीन दुकान तसंच टाकून आला. मामी हिरवी पट्टी बांधलेल्या डोळ्याने दवाखान्याच्या बाकावर येऊन बसल्या.

"कसे पडले रे?" नितीनने विचारलं.

"बाथरूमला उठले असतील," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं."

"होतं असं, दादा. तू टेन्शन नको घेऊ."

मामींनी माझ्या हातात केळं ठेवलं आणि म्हणाल्या, "खाऊन घे. सकाळपासून तसाच आहेस."

चौथ्या दिवशी मामांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. रात्रीच्या गाडीला बास वरच्या बर्थवर ठेवला आणि घरी आलो. कार्यक्रम मी सोडला. घरी आल्यापासून बास पिशवीतून काढलेला नव्हता.

काल नितीनचं बोलून झाल्यावर मामींनी फोन घेतला.

"कुणाचं ऐकत नाहीत. पाटीवर लिहून दाखवलं तर तोंड फिरवतात. नुसता भिंतीला हात लावून बसतात दिवसभर. काय शोधतात देव जाणे."

मग मी सांगितलं. कपाट, तळहात, थांबणं, पुन्हा सुरू करणं, ते काय म्हणाले ते. बाथरूमचं खोटं होतं, हेही सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, ती ऐकू आली.

"तेव्हाच सांगायचं होतं तू," मामी म्हणाल्या.

"हो."

"नितीनला मी सांगते. तो चिडेल, चिडू दे." गॅस बंद केल्याचा आवाज आला. "त्याच्यासाठी उठले ना ते? मग घेऊन ये ते तुझं."

"मामी, त्यानेच तर पडले."

"मला कळतं ते. पण दुसऱ्या कशासाठी उठत नाहीत."

रविवारचं तिकीट काढलं आहे, वरच्या बर्थचं. मामा पडल्यानंतर त्यांचा पलंग मधल्या खोलीत नेला होता. तो पुन्हा कपाटाजवळ सरकवायला नितीनला सांगितलं. तो फक्त "बरं" म्हणाला. सोमवारी सकाळी दहाला व्यायाम करवून घेणारा माणूस येतो. तो एका बाजूने आणि नितीन दुसऱ्या बाजूने धरणार आहे. मी कपाटाकडे पाठ करून, मामांकडे तोंड करून बसेन आणि बासच्या मानेचं टोक मागे टेकवेन. ते जमतं का, ते आज दाराला टेकवून पाहिलं, जमतं. जुनीच गत सलग वाजवेन, मामांचा तळहात कपाटावर येईपर्यंत. मग थांबेन.