झिंग्याची वाफ

हातावर हात ठेवून बसणं धुरपदाबाईला कधी जमलंच नाही. नवरा निंबा लिंबायतच्या कारखान्यात लूम चालवायला गेला की खोली तिला खायला उठायची. शहराबाहेर झिंगे सोलायचं काम निघालंय असं कानावर आलं, तशी ती कुणाला न विचारता बायकांना कामावर नेणाऱ्या टेंपोत चढली. बर्फात हात बधिर व्हायचे, पण बोटं अशी चालायची की मुकादमीण कंचनबेन नव्या बायकांना तिच्याच शेजारी बसवायची.

दुसऱ्या वर्षी खाज सुटली. आधी बोटांच्या बेचक्यांत, मग कोपरापर्यंत लाल गांधी.

"हात दखाड," निंबा म्हणाला.

"पित्त शे. आमसूल लावसू," म्हणत तिनं पदर ओढून घेतला. काम सुटेल या धास्तीनं ती खाजवायलाही मोरीत जायची.

मग कंचनबेननं तिला झिंगे उकडायच्या भट्टीवर कामाला लावलं. वाफ तोंडावर आली की छातीत शिट्टी वाजायची. एका दुपारी ओठ सुजले, श्वास अडकला आणि ती पाटीसकट खाली बसली. कंचनबेननं रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं.

इंजेक्शननं श्वास मोकळा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "झिंग्याच्या मांसात एक प्रथिन असतं. तुमचं शरीर त्याला शत्रू समजून लढायला उठतं. ही सूज, ही धाप त्याच लढाईची."

"इतके दिवस तर काही झालं नाही!"

"शरीर हळूहळू ओळख धरतं. एकदा धरली की सहसा विसरत नाही."

"हातमोजे घालते ना."

"वाफेतून छातीत जातं, बाई. आता झिंगा खायचाही नाही."

तरी बरं वाटताच ती गुपचूप गेलीच. दारातच घसा आवळला.

"मरवुं छे तारे?" कंचनबेन ओरडली, आणि तिला बाहेर काढताना स्वतःच रडली.

निंबाला सगळं कळलं. तो रागावला नाही. "मरी जाती ना वं," एवढंच पुटपुटला.

तिनं मग घरी साड्यांना टिकल्या चिकटवून पाहिल्या, आठवड्यात उबगली. भेस्तानला साड्यांच्या घड्या घालायला लागली, तेही सोडलं. शेवटी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये ती रंगवलेल्या कापडाचे तागे तपासू लागली. तिथं गांधी उठत नव्हत्या, छाती वाजत नव्हती. पण समोरून कापड संथ सरकायचं आणि तिचा पाय सारखा जमिनीवर आपटत राहायचा.

"घाई कसली गं तुला?" शेजारीण विचारायची.

तिची बोटं कापडाच्या कडेवर झिंगे सोलल्यासारखी भराभर चालत राहायची.