पूर्ण वजनाची मॅडम

अकरा वर्षं मी दुकानदारांचे तराजू तपासले. गोंदियाकडे वजनमाप निरीक्षक होती मी. पलड्याखाली चिकटवलेली चिंच म्हणा, आतून पोखरलेलं किलोचं वजन म्हणा, सगळं याच डोळ्यांनी पकडलं. मग एक दिवस त्या नोकरीवर पाणी सोडलं आणि नागपूरले एमबीएच्या वर्गात जाऊन बसली. वर्गातली पोट्टी मले आंटी म्हणत. म्हणोत बापडी.

पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या कंपनीत मार्केटिंग शिकायचं आणि चांगलं काम केल्याचं पत्र आणायचं, नाही तर दुसऱ्या वर्षात प्रवेश नाही, असा कॉलेजचा नियम. मी माहेरी आली, रायपूरले. चौबे कॉलनीत बाबा एकटेच राहत, रेल्वेत कारकून म्हणून रिटायर झालेले. त्यांनी पाण्याच्या आधी माझ्या हातात एक फॉर्म दिला. नव्या राज्यात निरीक्षकांची भरती निघाली होती. बाबांनी सगळे रकाने भरून ठेवले होते, फक्त माझी सही बाकी. तुझं ते पत्र नाही मिळालं तर इथं सही करशील, म्हणाले. मीही रागाच्या भरात हो म्हणून बसली.

रायपूर राजधानी होऊन थोडेच दिवस झाले होते. ज्याच्या त्याच्या पाटीवर 'राजधानी' चढलं होतं, न्हाव्याच्यासुद्धा. रोज कोणाच्या तरी भाड्याच्या घरात नवं खातं उघडायचं, आणि त्या खात्याले काय पाहिजे हे कोणालेच माहीत नसायचं. अशा गावात मी हातात फाईल घेऊन निघाली. इथंच तर घोडं पेंड खात होतं.

गावातल्याच तेलीबांधा भागातला एक सेठ मसाले विकायचा, त्याच्याकडे दोन महिन्यांसाठी लागली. त्यानं मले छापील फॉर्म दिले. वर कंपनीचं नाव, खाली प्रश्न: कोणती हळद ठेवता, आमची काहून ठेवत नाही. गोल बाजारातल्या पहिल्याच किराणा दुकानात शिरली आणि तोंड उघडायच्या आधी माझे डोळे तराजूवर गेले. सवय, दुसरं काय. वजनावर यंदाचा शिक्का आहे की नाही, तेही पाहून घेतलं. दुकानदार ताडकन उभा राहिला. रेडिओ बंद केला. मी हळदीचं विचारलं तर म्हणाला, "मैडम, हम तो कुछ बेचते ही नहीं."

त्या दिवशी सतरा दुकानं फिरली. माझ्या कागदांवरून पाहिलं तर गोल बाजारात कोणीच काही विकत नव्हतं.

एकाले सांगून पाहिलं की मी विद्यार्थिनी आहे. त्यानं माझ्या पिकलेल्या केसांकडे पाहिलं, हव मैडम, हव, म्हणाला आणि आणखीच ताठ झाला. नव्या खात्याच्या मॅडम वेष पालटून फिरून राहिल्या, हे मग सगळ्या बाजारात झालं. पुढं मी सांगायचंच सोडलं. खोटं काहून बोलू, वाईट वाटत नव्हतं मले.

तिसऱ्या दिवसापासून माझ्या आधी माझी बातमी पोचू लागली. बांगडीवाल्याकडे तराजूच नसतो, तोही शटर पाडून मोकळा. मग लोकांनी डोकं चालवलं. फॉर्मवर सेठच्या कंपनीचं नाव, म्हणजे नव्या खात्याले हीच हळद पाहिजे. आठवड्यात घरोघरी नाही, पण दुकानोदुकानी सेठचे पुडे समोर लागले. एकानं देवाची शपथ घेऊन सांगितलं की त्याच्या घरी चहा सोडून सगळ्यात हीच हळद टाकतात.

त्यात बायकांच्या ध्यानात आलं की मी उभी असली की दुकानदार पूर्ण वजन देतो, वर दोन दाणे जास्तच. झालं! पंधरा-वीस बाया पिशव्या घेऊन माझ्या मागं. मी वळली की त्या वळत, मी पाणी प्यायले थांबली की त्या थांबत. एका आजीनं तर उद्या किती वाजता येता, साखर घ्यायची आहे, म्हणून विचारून ठेवलं.

सेठ हवेत. त्यानं माझं पत्र टाईप करून टेबलावर काचेखाली ठेवलं. आणखी दोन आठवडे अशाच फिरा, तोंड उघडू नका, जाताना पत्र घ्या आणि पुढं नोकरी पक्की, म्हणाला. बाबाले सांगितलं तर ते जिलेबी घेऊन आले. मार्केटिंग मार्केटिंग म्हणतात ते हेच असेल, असं मीही मनाले समजावून राहिली होती.

कोपऱ्यावरचा म्हातारा दुकानदार मराठी होता, भोसल्यांच्या काळात इकडं आलेलं घर. त्याच्याकडे सेठच्या हळदीच्या पेट्या छतापर्यंत गेल्या होत्या. गुडघे सुजलेले, तरी मी दिसली की फळी धरून उभा राहायचा. एक दिवस त्यानं हळूच विचारलं, "बाई, अजून किती पेट्या घ्या लागतील? ठेवायले जागा नाही आता."

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. पत्र जाईल हे कळत होतं, तरी एका दमात सगळं सांगून टाकलं: खातं नाही, हुकूम नाही, वजनमापाची सरकारी नोकरी कधीच सोडली, आता मी एका मसालेवाल्याकडची शिकाऊ बाई. त्यानं मागं हात नेऊन स्टूल चाचपलं आणि कण्हत खाली बसला. गुडघे चोळत त्यानं विचारलं,

"मग सरकारी नोकरी काहून सोडली?"

"अकरा वर्षं मले पाहून माणसं उभी राहत होती," मी म्हणाली. "खरं एकही बोललं नाही."

"मग लिहा," तो म्हणाला. "हळद रद्दी आहे. वरणाले खडूचा वास येते."

तो माझा पहिला खरा फॉर्म. दोन दिवसांत खरं काय ते बाजारभर झालं आणि पेट्या तेलीबांध्याले परत जाऊ लागल्या. सेठनं काचेखालचं पत्र काढलं आणि माझ्यासमोर फाडलं. एक वर्ष गेलं माझं तिथंच.

घरी पत्र गेलं म्हणताच बाबांनी भरतीचा फॉर्म आणि पेन पुढं ठेवलं. मी भांडायच्या तयारीनंच सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "तो म्हातारा बसला?"

"बसला."

"छत्तीस वर्षं साहेब आला की मी उभा राहिलो," बाबा म्हणाले. "माझ्या पोट्टीले पाहून लोक उभे राहतात, हे चारचौघांत सांगताना लय बरं वाटे मले."

मले रडू आलं, आणि रागही. त्यांनी फॉर्मची घडी घातली. सही मागितली नाही.

"उद्या मले ने त्याच्याकडे," म्हणाले. "थोडा वेळ बसून येऊ."