कार्डाची मागची बाजू

कुमुदताईंकडे कामाला असलेल्या हिराबाईंचा फोन आला तेव्हा मी तळेगावच्या घरी एका यंत्राचं माहितीपुस्तक जर्मनमधून मराठीत उतरवत बसले होते. "ताई, मी हिराबाई बोलते, वलवणवरनं. सकाळी आले, चा ठेवला. बाईंनी खिडकी उघडाया सांगितली, ती उघडली. मग मी मागल्या दारी कापडं वाळत घालाया गेलते. आले तर बाई खुर्चीत तशाच... मान खाली. चा लावलाच न्हाई त्यांनी तोंडाला." 'गेल्या' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही आणि मीही पुढे विचारलं नाही. कुमुदताईंना जाऊन आता दीड महिना झाला. कुणी भेटायला आलं, काय झालं म्हणून विचारलं, की मीसुद्धा चहापासूनच सुरुवात करते.

कुमुदताई माझ्या पुण्यातल्या शिक्षिका. जर्मन आणि रशियन शिकवायच्या, फ्रेंच आणि हंगेरियन हौसेने शिकल्या होत्या. निवृत्तीनंतर शांतता हवी म्हणून लोणावळ्याजवळच्या वलवणला धरणापाशी दोन खोल्यांचं घर घेतलं आणि तिथे येईल त्या माणसाला बोलतं करत बसल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. वाक्य एकटं कधी येत नाही. त्याच्या आधी कुणीतरी काहीतरी विचारलेलं असतं, काहीतरी घडलेलं असतं, आणि त्यावरून वाक्यातल्या शब्दांच्या जागा ठरतात. त्या ऐकलेलं वाक्य जाड कागदाच्या कार्डावर लिहीत आणि मागच्या बाजूला त्याआधी काय बोलणं झालं ते. मागची बाजू कोरी असलेलं कार्ड सरळ कचऱ्याच्या टोपलीत जायचं. माझी अशी कितीतरी कार्डं गेली आहेत.

मावळातल्या कारखान्यांत यंत्रं बसवायला येणारे परदेशी इंजिनियर रविवारी लोणावळ्यात फिरायला येत. ओळखीओळखीतून ताई त्यांना चहाला बोलवत. एकदा एका हंगेरियन पाहुण्यासमोर हिराबाईंच्या हातून कप फुटला. ताईंना पर्वणीच. हिराबाईंनी काय फोडलं, कप कुणी फोडला, असे दोन्ही प्रश्न त्याला विचारून दोन्ही उत्तरं लिहून घेतली आणि मग महिनाभर जो येईल त्याला त्याच्या भाषेत तेच. मला फोनवर सांगत होत्या, "इंग्रज शब्द जागचे हलवत नाही गं, आवाजाचा जोर हलवतो. फ्रेंच माणूस 'ज्यांनी फोडला त्या हिराबाई' अशी वेगळी चौकटच उभी करतो. रशियन नवी बातमी शेवटाला राखून ठेवतो, हंगेरियन ती क्रियापदाच्या अगदी अलीकडे नेऊन बसवतो, बराचसा आपल्यासारखाच. आणि तुझा जर्मन पहिल्या जागी कुणालाही बसवेल, क्रियापदाला मात्र दुसऱ्या जागेवरून उठू देणार नाही." पाच भाषांत कप फोडून झाल्यावर हिराबाई वैतागल्या. "सारखं काय कप कप? फुटला तवाच सांगितलं न्हवं मी?" ताईंनी त्याचंही कार्ड केलं.

या कार्डांचं पुस्तक व्हायचं होतं, भाषा शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी. ताईंची नजर अधू झाली तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. प्रकाशक म्हणाले, पानं निम्मी करा. मी मागच्या बाजू गाळल्या, नुसती वाक्यं ठेवली. ताईंना फोनवर वाचून दाखवायला लागले तर त्यांनी मध्येच थांबवलं. "आधीचं कुठे गेलं?" मी म्हणाले, "ताई, मला तुमच्या मागच्या बाजूंचा कंटाळा आलाय. वाचणाऱ्यांनाही येईल." ताई नुसतं "बरं" म्हणाल्या. त्यानंतर दोनदा वलवणला गेले, त्यांनी पुस्तकाचं नाव काढलं नाही. माफी मागायची, हे दर आठवड्याला ठरायचं, आणि लोणावळ्यातली सुट्टीच्या दिवशीची गाड्यांची रांग हे कारण मला दर आठवड्याला पुरायचं. या गोष्टीची मला लाज वाटते.

दिवसकार्य झाल्यावर हिराबाईंनी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून दिला. त्यांचं गाव टाकवे बुद्रुक, पण दिवसाचा निम्मा वेळ ताईंच्याच घरी जायचा. "ह्यात तांदूळ बांधून ठिवल्यात कापडात. हितल्या हवेनं कार्डं वली व्हत्यात ना. बाईंनी सांगितलंवतं, तुमालाच द्या म्हनून." डब्यात शेवटच्या काही महिन्यांची कार्डं होती, जाड पेनाने, ओळी एकमेकींवर चढलेल्या. त्यातलं एक मराठी. 'ताई, मला तुमच्या मागच्या बाजूंचा कंटाळा आलाय.' मी ते उलटलं. मागे लिहिलं होतं: 'आधी: सासूबाई आठ दिवस दवाखान्यात. हिचं घर, दवाखाना आणि काम, तिन्ही चालू. मी सकाळपासून चौथ्यांदा फोन करून पुस्तकाचं विचारलं. त्यावर हे. हिच्या बोलण्याचा नमुना म्हणून वापरू नये.' मी तिथेच रडले. हिराबाई पाठीवर हात ठेवून बसल्या.

बाहेर येऊन प्रकाशकांना फोन केला, छपाई थांबवा म्हणून. "आता? अहो, पुस्तक दुप्पट जाड होईल. कोण वाचणार?"

"होऊ दे जाड," मी म्हणाले.

तेव्हापासून रोजचं पोटापाण्याचं काम आटोपलं की मागच्या बाजू उतरवायला बसते. खोटं कशाला सांगू, फार थकायला होतं. जुन्या कार्डांवरची पेन्सिल पुसट झाली आहे, मान भरून येते, आणि काही कार्डं खरोखरच कंटाळवाणी आहेत. तरी एकही गाळत नाही. काल रशियन भाग संपला. सांगावं म्हणून फोन उचलला, ताईंचा नंबर काढला... आणि ठेवून दिला. ताईंचे दिवसाला चार फोन आले नसते तर हे पुस्तक केव्हाच होऊन गेलं असतं, असं मी तेव्हा घरात सगळ्यांना सांगत असे. आता एकही येत नाही, आणि एकेका कार्डाला तास लागतो.